जर्नल क्लबमध्ये पेपर कसा सादर करायचा आणि चर्चा कशी चालवायची

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये जर्नल क्लबच्या, म्हणजे एकाने छापून आलेला संशोधनाचा पेपर मांडायचा आणि सगळ्यांनी त्यावर चर्चा करायची अशा सेमिनारचं वेळापत्रक ग्रुपवर पडतं, आपल्या नावासमोर तारीख दिसते आणि बहुतेक जण पेपर उघडून पहिल्या फिगरपासून शेवटच्या फिगरपर्यंत सगळं स्लाईडवर चिकटवायला बसतात. मग त्या दिवशी चाळीस मिनिटं सलग बोलणं, शेवटी "एनी क्वेश्चन्स?", सगळीकडे शांतता, गाईडनी विचारलेला एखादा प्रश्न, थँक्यूची स्लाईड आणि चहा. खोलीत बसलेल्या वीस जणांपैकी कुणीही त्या तासात विचार केलेला नसतो, सादर करणाऱ्यानेसुद्धा नाही, त्याने फक्त पाठ केलेलं असतं. मला हे मनापासून खटकतं, कारण दुसऱ्याचा पुरावा तपासायची सवय लागायला जर्नल क्लबइतकी चांगली जागा आपल्या शिक्षणात दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

या सगळ्या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. निकाल दाखवायच्या आधी समोरच्यांकडून अंदाज वदवून घ्या. बाकीची सगळी तयारी, म्हणजे पेपर निवडणं, वाचणं, स्लाईड, प्रश्न, ही त्या एका क्षणासाठी करायची. उदाहरण म्हणून मी मेसेलसन आणि स्टाल यांचा १९५८ सालचा पेपर घेतोय, डीएनएची प्रत कशी बनते त्यावरचा. बारावीच्या पुस्तकात सगळ्यांनी तो प्रयोग वाचलेला असतो, पण मूळ पेपर फार थोड्या जणांनी उघडलेला असतो, म्हणून सेमिनारला तो फार छान चालतो. तुमचा विषय फिजिक्स किंवा केमिस्ट्री असला तरी पद्धत तीच.

पेपर निवडताना

गाईडनी पेपर हातात दिला असेल तर प्रश्नच मिटला. स्वतः निवडायचा असेल तर असा पेपर शोधा ज्यात प्रश्न एक आहे आणि त्याचा निकाल लावणारा प्रयोगही एक किंवा फार तर दोन आहेत. मोठ्या जर्नलमधले हल्लीचे पेपर बघा, मुख्य फिगर सात आणि सप्लिमेंटरीमध्ये अजून वीस, प्रत्येक फिगरमध्ये ए पासून के पर्यंत पॅनल, हे एका तासात होत नाही. असा पेपर घ्यायचाच असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका की आज मी फक्त दुसरी आणि चौथी फिगर घेणार आहे, बाकीचं एका ओळीत सांगेन. यात काही चुकीचं नाही, उलट लोक सुटकेचा श्वास सोडतात.

पेपर मिळवायला अडचण येत असेल तर आधी कॉलेजच्या लायब्ररीत विचारा, कारण १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू आहे आणि सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यातून वाचता येतात, अनेक विद्यार्थ्यांना आपल्या संस्थेत ती सोय आहे हेच ठाऊक नसतं. जीवशास्त्रातले बरेच जुने पेपर पबमेड सेंट्रल या ऑनलाइन संग्रहात फुकट आहेत, मेसेलसन-स्टालचाही आहे. आणि काहीच जमलं नाही तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाका, बरेच जण पीडीएफ पाठवतात.

अजून एक काम पाच मिनिटांचं आहे आणि ते बहुतेक जण करत नाहीत. पेपर मागे घेतला गेलाय का, त्यावर कुणी हरकत घेतली आहे का, हे जर्नलच्या पानावर आणि पबपीअरवर (छापून आलेल्या पेपरांवर वाचक शंका मांडतात ती वेबसाइट) बघून घ्या. सेमिनार अर्ध्यावर आल्यावर मागच्या बाकावरून कुणी "हा तर रिट्रॅक्ट झालाय ना?" म्हणालं तर पुढचं सगळं पाण्यात.

वाचायचं कसं

पहिल्यांदा ॲबस्ट्रॅक्ट वाचा आणि मग लगेच डिस्कशनकडे धावू नका. लेखकाचं म्हणणं आधी डोक्यात शिरलं की मग फिगरमध्येही तेच दिसायला लागतं. त्याऐवजी ॲबस्ट्रॅक्टनंतर सरळ फिगर बघा, खालची ओळ झाकून. आडव्या अक्षावर काय आहे, उभ्या अक्षावर काय, कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) कुठला, आणि यावरून मी स्वतः काय म्हणेन, हे वहीत लिहा, मग झाकलेली ओळ उघडा. तुमचं आणि लेखकाचं जिथे जुळत नाही तिथे खूण करा, चर्चेचे अर्धे प्रश्न तिथूनच मिळतात.

मग मेथड्स. हा भाग सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त प्रश्न याच्यावरच येतात. आपल्याच पेपरात बघा. जिवाणू नायट्रोजन-१५ हा जड नायट्रोजन असलेल्या अमोनियम क्लोराईडवर १४ पिढ्या वाढवले, मग एकदम साधा नायट्रोजन-१४ भरपूर प्रमाणात घातला, पुढच्या चार पिढ्यांपर्यंत थोड्या थोड्या वेळाने नमुने काढले, प्रत्येक नमुन्यातला डीएनए सीझियम क्लोराईडच्या द्रावणात घालून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांनी २० तास फिरवला आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात फोटो घेतले. हे वाचून पाठ करायला कुणालाही जमतं. पण १४ पिढ्याच का? दोन पिढ्या पुरल्या नसत्या का? (नाही, कारण जुना हलका डीएनए तेव्हा बराच शिल्लक असतो, १४ पिढ्यांनंतर तो जवळजवळ उरत नाही.) २० तास का? कारण तेवढ्या वेळात मीठ तळाकडे खेचलं जाणं आणि परत वर पसरणं यांचा समतोल साधतो, नळीत वरून खाली घनता वाढत जाते, आणि डीएनए आपल्या घनतेच्या जागी येऊन पट्ट्यासारखा थांबतो. सीझियम क्लोराईडच का, साधं मीठ का नाही? कारण डीएनएची घनता साधारण १.७ आहे आणि साध्या मिठाचं द्रावण तिथपर्यंत पोचतच नाही. जड आणि हलक्या डीएनएच्या घनतेत फरक एक टक्क्याहूनही कमी, तेवढा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून हा सगळा खटाटोप होता.

प्रत्येक पायरीला "असंच का" विचारा आणि उत्तर एका वाक्यात लिहा. उत्तर सापडलं नाही तर सीनियरला विचारा, तिथेही नाही मिळालं तर तो प्रश्न चर्चेसाठी बाजूला ठेवा.

आकडेवारी असलेल्या पेपरात दोन गोष्टी हमखास तपासा. एरर बार म्हणजे स्टँडर्ड डिव्हिएशन (मोजमापं किती विखुरली आहेत) आहे की स्टँडर्ड एरर (सरासरी किती अनिश्चित आहे), कारण स्टँडर्ड एररचे बार नेहमी छोटे दिसतात आणि फरक मोठा वाटतो. आणि एन (नमुन्यांची संख्या) बरोबर तीन म्हणजे तीन वेगळे उंदीर की एकाच उंदराचा नमुना तीनदा मोजला, कारण या दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि पेपरात ते कधीकधी फक्त फिगरखालच्या बारीक अक्षरात असतं.

कागदावर एक तक्ता बनवा

स्लाईड उघडायच्या आधी हे करा, माझ्या मते सगळ्या तयारीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. प्रश्नाची शक्य असलेली उत्तरं उभी लिहा, प्रयोगाचे टप्पे आडवे लिहा, आणि प्रत्येक चौकटीत "हे उत्तर खरं असेल तर इथे काय दिसायला हवं" ते भरा.

त्या वेळी तीन शक्यता होत्या. एक, जुना डीएनए जसाच्या तसा राहतो आणि पूर्ण नवी प्रत बनते. दोन, जुन्याचा अर्धा भाग आणि नवा अर्धा भाग मिळून प्रत्येक प्रत बनते. तीन, जुने-नवे तुकडे सगळीकडे विखुरले जातात. आता पहिल्या पिढीनंतर काय दिसायला हवं? पहिली शक्यता खरी असेल तर दोन पट्टे, एक जड एक हलका. दुसरी खरी असेल तर मधोमध एकच पट्टा. तिसरी खरी असेल तर? तिथेही मधोमध एकच! म्हणजे पहिल्या पिढीचा निकाल पहिली शक्यता मोडतो, पण दुसरी आणि तिसरी वेगळी करत नाही. त्यासाठी दुसरी पिढी लागते, तेव्हा दुसऱ्या शक्यतेत निम्मा मधला आणि निम्मा हलका असे दोन पट्टे यायला हवेत आणि तिसऱ्या शक्यतेत एकच पट्टा, मध्य आणि हलका यांच्या दरम्यान सरकलेला.

हा तक्ता बनवला की पेपरची अख्खी रचना कळते, कुठला प्रयोग कशासाठी केला ते आपोआप दिसतं. आणि तक्ता बनतच नसेल, म्हणजे कुठल्याही निकालाने लेखकाचंच म्हणणं खरं ठरणार असेल, तर तो पेपरचा दोष असू शकतो, तेच चर्चेत मांडा.

स्लाईड

यावर फार वेळ घालवू नका. तासाभराच्या सेमिनारला दहाच्या आसपास पुरतात, बॅकग्राउंडला दोन. हरितक्रांतीपासून सुरुवात करून जीनोम एडिटिंगपर्यंत येणारी बॅकग्राउंड कुणालाच नको असते, आजचा प्रश्न समजायला जेवढं लागतं तेवढंच द्या.

एका स्लाईडवर एक फिगर, आणि पॅनल कापून मोठं करून. अक्षांची नावं पेपरात बारीक असतात, ती पुसून मोठ्या अक्षरात परत लिहा, मराठी-इंग्रजी काहीही चालेल पण मागच्या रांगेला दिसलं पाहिजे. जुन्या पेपरात हे जास्तच करावं लागतं. मेसेलसन-स्टालची मुख्य फिगर म्हणजे एकाखाली एक करड्या पट्ट्यांचे फोटो, घनता कुठल्या बाजूला वाढते (उजवीकडे) हे बाण काढून दाखवलं नाही तर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. स्लाईडचं शीर्षक "रिझल्ट्स" असं ठेवू नका, "पहिल्या पिढीनंतर काय दिसलं?" असा प्रश्न ठेवा.

सराव

एकदा तरी मोठ्याने बोलून बघा, मनातल्या मनात नाही. सेमिनार इंग्रजीत द्यायचा असेल आणि शिक्षण मराठी माध्यमातून झालं असेल तर पहिला सराव सरळ मराठीत करा, वेगळ्या विभागातल्या मैत्रिणीला किंवा रूममेटला समोर बसवून. इंग्रजी अडतंय की मुद्दाच कळलेला नाही, हे तिथे लगेच वेगळं होतं. मुद्दा मराठीत सुटसुटीत सांगता आला की इंग्रजीची वाक्यं छोटी ठेवून बांधायची, लेखकाची लांबलचक वाक्यं उचलायची नाहीत. आणि चर्चेच्या वेळी कुणाला मराठीत किंवा हिंदीत विचारावंसं वाटलं तर "चालेल, विचार" असं आधीच सांगून ठेवा, खूप मुलं फक्त भाषेच्या धास्तीने गप्प बसतात आणि त्यांच्याकडे प्रश्न चांगले असतात.

प्रत्यक्ष सेमिनार

तास असेल तर पाच-सात मिनिटं प्रश्न आणि पार्श्वभूमी, पंचवीस मिनिटं प्रयोग, आणि उरलेला सगळा वेळ चर्चा. पण चर्चा शेवटीच येते असं नाही, ती मधेच घडवायची आहे.

आता तो क्षण. प्रयोग समजावून झाला, निकाल अजून दाखवलेला नाही. फळ्यावर तक्ता काढा, चौकटी रिकाम्या. स्लाईडवर नको, फळ्यावरच, कारण फळ्यावर लिहिताना लोक बोलायला लागतात. आणि विचारा, "पहिली शक्यता खरी असेल तर एका पिढीनंतर किती पट्टे दिसतील?" मग थांबा. हे थांबणं अवघड जातं, दोन सेकंदांत आपणच उत्तर देऊन टाकावंसं वाटतं. मनात दहापर्यंत मोजा. कुणीतरी बोलतंच. चुकीचं बोललं तरी फळ्यावर लिहा, "नाही नाही" म्हणू नका, "असं का वाटतंय?" विचारा. सगळ्या चौकटी भरल्या की मग फिगर दाखवा.

फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. ज्यांनी अंदाज बांधलाय ते पुढे वाकून फोटो बघतात, कारण आता त्यांचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. पहिल्या पिढीत एकच पट्टा आणि तोही जड-हलक्याच्या बरोबर मध्ये. इथे विचारायचं, "मग दुसरी शक्यता सिद्ध झाली का?" आणि कुणीतरी तक्त्याकडे बघून म्हणतं की नाही, तिसरीतही हेच आलं असतं. मग दुसऱ्या पिढीचा फोटो, त्यात मधला आणि हलका असे दोन पट्टे, म्हणजे तिसरी शक्यताही गेली. आणि वर शेवटचा प्रयोग, मधल्या पट्ट्याचा डीएनए उकळत्या पाण्याच्या तापमानाला अर्धा तास ठेवला तर तो दोन वेगळ्या घनतांमध्ये फुटतो, म्हणजे जड आणि हलका भाग आतमध्ये वेगवेगळे सलग होते, तुकडे मिसळलेले नव्हते.

फिगर दाखवताना क्रम पाळा. आधी अक्ष सांगा, मग कंट्रोल दाखवा, मग निकाल, आणि मग अर्थ. लेझर पॉइंटर पडद्यावर गरागरा फिरवू नका, एका जागी धरा आणि बंद करा.

चर्चेचे प्रश्न आधी लिहून न्या

"काही शंका?" हा प्रश्नच नाही. पाच-सहा प्रश्न तयार ठेवा, ज्यांचं उत्तर हो-नाहीत संपत नाही. या पेपरासाठी मी हे नेईन.

लेखकांनी "धागा" म्हटलेलं नाही, "उपघटक" म्हटलंय. दोन उपघटक म्हणजे दुहेरी सर्पिलाचे दोन धागेच, हे याच पेपरातून सिद्ध होतं का? (इथे चर्चा पंधरा मिनिटं सहज चालते, कारण सगळे बारावीपासून ते गृहीत धरून बसलेले असतात.)

डीएनए बाहेर काढताना त्याचे तुकडे होतात, जिवाणूच्या पूर्ण क्रोमोसोमच्या मानाने खूप लहान. जुने-नवे भाग जर अशा तुकड्यांपेक्षा मोठ्या टप्प्यांनी बदलत असते तर या प्रयोगात ते पकडलं गेलं असतं का?

हे एकाच जिवाणूत दाखवलंय, वनस्पती-प्राण्यांत काय? इथे तुमच्याकडे माहिती तयार असू द्या, टेलर, वुड्स आणि ह्यूज यांनी १९५७ मध्येच व्हिसिया फाबा या शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांमध्ये किरणोत्सारी थायमिडीन वापरून क्रोमोसोमच्या पातळीवर अशीच वाटणी दाखवली होती.

आणि शेवटचा, तुम्हाला आज हाच प्रश्न सोडवायला दिला आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूज नाही, तर काय कराल?

टीका कशी करायची

नवीन मुलांची दोन टोकं असतात. एक तर मोठ्या जर्नलमध्ये आलंय म्हणजे बरोबरच असणार, नाहीतर सरसकट "सॅम्पल साईझ कमी आहे". दोन्ही टाळा. आधी पेपरातली सगळ्यात भक्कम गोष्ट कुठली ते सांगा, मग कुठला दावा पुराव्याच्या पुढे गेलाय ते दाखवा, आणि नेमका कुठला कंट्रोल असता तर शंका मिटली असती ते सांगा. ही तिसरी गोष्ट सांगता आली नाही तर ती टीका कच्ची समजा.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणूचा पेपर. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला जिवाणू फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो, अगदी डीएनएतसुद्धा, असा दावा सायन्स जर्नलमध्ये २०१० च्या डिसेंबरमध्ये आला. टीकाकारांनी "हे शक्यच नाही" एवढंच म्हणून सोडलं नाही, त्यांनी बोट ठेवलं ते नेमक्या जागी, की वाढीच्या द्रावणात फॉस्फेटचा थोडा अंश होताच आणि डीएनए मोजण्याआधी पुरेसा शुद्ध केलेला नव्हता. २०१२ मध्ये दोन वेगळ्या गटांनी ते करून बघितलं, जिवाणूला फॉस्फेट लागतंच आणि शुद्ध केलेल्या डीएनएत आर्सेनिक बांधलेलं सापडलं नाही. पेपर मागे घेतला गेला तो थेट जुलै २०२५ मध्ये, आणि तेव्हाही जर्नलने गैरप्रकाराचा आरोप केला नाही, लेखकांना तो निर्णय मान्य नव्हता. चूक आणि फसवणूक यातला फरक समजावायला एमएस्सीच्या वर्गात याहून चांगला पेपर मला माहीत नाही.

माणसं सांभाळणं

एखादे सर पहिल्याच स्लाईडला त्यांच्या आवडीच्या विषयाकडे वळतात. अडवायचं कसं हा प्रश्न पडतो, पण आदराने अडवता येतं, "सर, हा मुद्दा मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, दुसऱ्या फिगरनंतर त्याच्यावर येऊ" असं म्हणा आणि खरंच लिहा आणि खरंच या. फक्त दोघांतच जुंपली तर तिसऱ्याला आत ओढा, "या दोघांपैकी कुणाचं पटतंय आणि कुठल्या डेटावरून?" ज्युनियरला अचानक नाव घेऊन अवघड प्रश्न विचारू नका, त्याला ग्राफ वाचायला सांगा, "अमुक रेषा कुठे चढते ते सांग रे" हे सगळ्यांना जमतं आणि एकदा तोंड उघडलं की पुढचं सोपं जातं. अजून एक उपाय, सेमिनारच्या दोन दिवस आधी पेपर ग्रुपवर टाकून प्रत्येकाकडून एकेक प्रश्न मागवा, आणि चर्चेत "हा प्रश्न स्नेहलने पाठवलाय" असं सांगून तो घ्या.

उत्तर येत नसेल तर काय बोलायचं हे तीन प्रकारात वेगळं करा. पेपरात दिलंय पण मला आठवत नाही, तर "एक मिनिट, मेथड्समध्ये बघते" आणि उघडून बघा. पेपरात दिलेलंच नाही, तर तसं स्पष्ट सांगा, हीच माहिती महत्त्वाची असते. आणि मला माहीत नाही, तर "माहीत नाही, पण असं मोजून बघता येईल" म्हणा आणि प्रश्न खोलीकडे वळवा. पेपर तुम्ही लिहिलेला नाही, लेखकाची वकिली करायची गरज नाही, काही जण प्रत्येक हरकतीला उत्तर द्यायचा आटापिटा करतात आणि चर्चा तिथेच बंद पडते.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. तक्त्याकडे परत जा, कुठली चौकट नक्की झाली आणि कुठली उघडी राहिली ते कुणा एकाला सांगायला लावा, स्वतः सांगू नका. मग फळ्याचा फोटो काढा आणि उघडे राहिलेले प्रश्न त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका. एखादा प्रश्न खरोखर अडला असेल आणि पेपर नवा असेल तर करस्पाँडिंग ऑथरला (पत्रव्यवहारासाठी ज्याचा ईमेल पेपरवर दिलेला असतो त्या लेखकाला) लिहा, प्रश्न नेमका असला तर उत्तर यायची शक्यता बरी असते, आणि आलेलं उत्तर पुढच्या सेमिनारच्या सुरुवातीला दोन मिनिटांत वाचून दाखवा.